मुक्काम दोन हजार वर्षांच्या वाटेवर

कल्याणहून अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) जाणाऱ्या महामार्गावर मुरबाड आणि टोकावडे मागे पडले की वैशाखरे हे छोटेसे गाव लागते. येथे गाडी थांबवून समोर उजवीकडे पाहिले, तर सह्याद्रीच्या सलग भिंतीतून पुढे आलेला एक प्रचंड कडा दिसतो. त्याला ‘नानाचा अंगठा’ म्हणतात. त्याच्या कुशीतून वर जाणारी अरुंद खिंड म्हणजे नाणेघाट. आता एक गंमत करून पाहावी. गाडीतल्या निम्म्या मंडळींनी येथे उतरून पायवाटेने घाट चढावा आणि उरलेल्यांनी गाडी घेऊन माळशेज घाट, जुन्नर, घाटघर असा वळसा घालून खिंडीच्या माथ्यावर यावे. पायी चढणाऱ्याला अडीच-तीन तास लागतात. ऐंशी-नव्वद किलोमीटरचा वळसा घालून येणाऱ्या गाडीलाही जवळजवळ तेवढेच! दोन हजार वर्षांपूर्वी ज्याने ही जागा घाटासाठी हेरली, त्याच्या नजरेचे याहून सोपे प्रमाणपत्र कोणते द्यावे?

सलग सुट्ट्यांच्या दिवसांत मुंबई-पुण्याकडच्या रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात. बहुतेकांचे लक्ष मुक्कामाच्या ठिकाणाकडे असते. मधला रस्ता हा केवळ उरकण्याचा भाग. परंतु महाराष्ट्रात असे काही रस्ते आहेत, की जेथे रस्ता हाच पाहण्याचा विषय आहे. सोपारा-कल्याणपासून नाणेघाट, जुन्नर असे टप्पे घेत पैठणपर्यंत पोहोचणारा प्राचीन व्यापारी मार्ग हा त्यांतला अग्रगण्य. आजच्या महामार्गाने दोन-तीन दिवस काढले, एक रात्र घाटमाथ्यावर तंबूत घालवली, तर सातवाहनकालीन महाराष्ट्राचा आर्थिक इतिहास अक्षरशः वाटेवर वाचता येतो.

बंदरापासून घाटापर्यंत

या वाटेचे एक टोक समुद्राकडे आहे. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. तेथे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. कल्याणचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या, एका अनामिक ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात ‘कॅलिएना’ असा येतो. हे बंदर पूर्वी खुली बाजारपेठ होते, पुढे मात्र तेथे व्यापाराला अडथळे आले आणि तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे हा ग्रंथ सांगतो. म्हणजे बंदरांची आपापसांतली चुरस आणि सत्ता बदलली की व्यापाराची दिशा बदलणे, ही आजची कथा नव्हे. याच ग्रंथात पैठणचाही उल्लेख आहे. भडोचपासून ते वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे त्यात नोंदले आहे.

समुद्रावरून आलेला माल पठारावर न्यायचा, तर मध्ये सह्याद्री आडवा. कोकणातून पाहिले तर हा डोंगर नव्हे, तटबंदीच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांवर थर साचून दख्खनचे पठार घडले आणि त्याची पश्चिम कड झिजत झिजत सरळसोट उभी राहिली. अशा कडेवर जेथे पाण्याने आधीच घळ पाडलेली असेल, चढ जनावराला झेपेल इतका असेल आणि वर गेल्यावर सपाट मुलूख मिळेल, अशी जागा क्वचितच सापडते. नाणेघाट ही तशी जागा. निसर्गाने दिलेल्या घळीला माणसाने पायऱ्यांची, फरसबंदीची आणि कातळ तासून रुंद केलेल्या वाटेची जोड दिली. हा मार्ग चाकांचा नव्हता. पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचा आणि गाढवांचा होता. लादलेल्या जनावराची दिवसाची मजल फार तर पंधरा-वीस किलोमीटरची. त्यामुळे दर मजलेला पाणी, आसरा आणि सोबत यांची तजवीज असणे हा चैनीचा नव्हे, जगण्याचा प्रश्न होता. या वाटेवरचा प्रत्येक अवशेष या तीन गरजांशी जोडून पाहिला की त्याचा अर्थ उलगडू लागतो.

राणीची नोंदवही

खिंडीच्या तोंडाशी कातळात कोरलेले एक चौरस दालन आहे. आत मूर्ती नाही, स्तूप नाही. तिन्ही बाजूंना दगडी ओटे आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला प्रदीर्घ लेख. सातवाहन राजा सातकर्णीची राणी नागनिका हिचा हा लेख इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काही जण तो त्याही आधीचा ठरवतात. प्रारंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन आहे. पुढे अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या दानांची यादी आहे. किती गाई, किती हत्ती, किती घोडे, किती कार्षापण नाणी, हे सारे आकड्यांत मांडले आहे.

या आकड्यांमुळेच गणिताच्या इतिहासात नाणेघाटाला स्थान आहे. भारतीय अंकचिन्हांच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत येथील चिन्हांची गणना होते. दोन, चार, सहा, सात, नऊ यांसाठी वेगळी चिन्हे. दहा, शंभर, हजार यांसाठी वेगळी. शून्य मात्र नाही. आज आपण ४०० लिहिताना चारपुढे दोन शून्ये देतो. येथे शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडले आहे. २४,४०० सारखी संख्या अशा रीतीने तुकडे जोडून लिहिलेली पाहिली, की स्थानमूल्याची कल्पना रुजण्यापूर्वी हिशेबनिसाला किती सायास पडत असतील, ते ध्यानात येते.

त्याच दालनाच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. सातवाहन घराण्याचा संस्थापक सिमुक, राणी नागनिका आणि राजा सातकर्णी, राजकुमार, राणीचा पिता महारठी त्रणकयिर अशी नावे प्रत्येकाच्या डोक्यावर कोरलेली आहेत. प्रतिमा नष्ट झाल्या; उरल्या त्या पावलांच्या अस्पष्ट खुणा आणि वरची नावे. यांतल्या ‘महारठिनो’ या शब्दाला पुढे वेगळेच महत्त्व आले. मराठीच्या प्राचीनतेचा एक पुरावा म्हणून तो अभिजात दर्जासाठीच्या अहवालात मांडला गेला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. ज्या भाषेत आपण हा मजकूर वाचतो आहोत, तिच्या वंशावळीतले एक पान या खिंडीत आहे.

पण राजघराण्याने आपली कीर्ती देवळात किंवा राजवाड्यात न कोरता खिंडीत का कोरली असेल? उत्तर साधे आहे. राज्यात शिरणारा प्रत्येक व्यापारी येथूनच जाणार होता. ज्या वाटेवर सर्वाधिक डोळे, तेथे हा लेख. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकली जाई, अशी परंपरा सांगते. तसे लिहिलेला लेख त्यावर नाही. परंतु खिंड, लेख, पहारा ठेवण्याजोगी जागा आणि शेजारी जीवधन किल्ला यांची मांडणी पाहिली, की येथे जकातनाका नसता तरच नवल. 

पाणी हेच दान

राणीचा लेख प्रसिद्ध आहे; पण वाटसरूला अधिक जवळचे वाटावेत असे दोन छोटे लेख या मार्गावर आहेत. एक नाणेघाटातलाच. सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेल्या दानाची ती नोंद आहे. दुसरा जुन्नरच्या लेण्यांतला. कल्याणच्या एका सोनाराने तेथे पाण्याचे टाके, म्हणजे त्या काळच्या भाषेत ‘पोढी’, खोदवून दिल्याचे तो सांगतो. सोपारा, कल्याण, नाणेघाट, जुन्नर ही नावे नकाशावर जोडली की रस्ता आपोआप उमटतो. शिवाय हे दान कशाचे? सोन्यानाण्याचे नव्हे, पाण्याचे. घाट चढून आलेल्या माणसाला आणि जनावराला सर्वप्रथम काय हवे, हे त्या सोनाराला ठाऊक होते. बहुधा त्याने स्वतःच ती तहान अनुभवली असावी.

हे गाडीच्या काचेतून कळत नाही. घाटघरच्या पठारावर संध्याकाळी तंबूच्या खुंट्या ठोकताना ते कळू लागते. सूर्य कोकणात उतरतो, खालच्या गावांतले दिवे एकेक लागतात, खिंडीतून वारा शिळ घालत वर येतो. पहिला प्रश्न पडतो तो पाण्याचा. दुसरा, वाऱ्याच्या आड बसायचे कोठे. आणि अंधार दाटला की तिसरा, आसपास माणसे आहेत ना? टाकी खिंडीच्या तोंडाशीच का, कोरीव दालने वाऱ्याकडे पाठ करून का, माथ्यावर वस्ती का, या प्रश्नांची उत्तरे मग कोणी समजावून सांगावी लागत नाहीत. या वाटेवर मुक्काम करण्याचे खरे कारण हे आहे. दिवसा आपण अवशेष पाहतो. रात्री त्यांची गरज समजते.

जुन्नर : लेण्यांचे आणि ठेवींचे गाव

सकाळी आवरून घाटघर, चावंड मार्गे जुन्नरकडे निघावे. वाटेत जीवधन, चावंड, दूर हडसर आणि शेवटी शिवनेरी असे किल्ले एकामागून एक दिसतात. ही नुसती किल्ल्यांची रांग नव्हे. नाणेघाटातून उतरणाऱ्या मालाच्या रखवालीची साखळी आहे. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म ज्या शिवनेरीवर झाला, त्याच डोंगराच्या पोटात त्याआधी दीड हजार वर्षांपूर्वी खोदलेली बौद्ध लेणी आहेत, याकडे अनेकांचे लक्ष जात नाही.

जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक खोदकामे आहेत. तुळजा लेण्यातले वर्तुळाकार चैत्यगृह, बारा खांबांवर पेललेल्या घुमटाचे, आवर्जून पाहावे. लेण्याद्रीला सुमारे तीनशे पायऱ्या चढून गेलेले भाविक ज्या प्रशस्त विहारात गिरिजात्मज गणपतीचे दर्शन घेतात, ते मुळात बौद्ध भिक्षूंचे निवासस्थान. शेजारचे चैत्यगृह तितकेच देखणे. मानमोडीच्या डोंगरात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे.

एवढी लेणी येथेच का? कारण मठ आणि बाजार एकमेकांच्या आधाराने वाढले. जुन्नरच्या दानलेखांत यवन, म्हणजे ग्रीक वा पाश्चात्य मूळ सांगणारे दाते भेटतात. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे मठाच्या खर्चासाठी ठेवी ठेवल्याच्या नोंदी भेटतात. मुद्दल श्रेणीकडे कायम राहायचे आणि व्याजातून भिक्षूंची गरज भागायची, अशी ही व्यवस्था. आजच्या भाषेत सांगायचे तर कारागिरांच्या पतपेढीतली कायम ठेव. तांडेवाल्यांना मठांत आसरा आणि पाणी मिळे, मठांना दान मिळे. प्रवासाची सोय आणि धर्माचा आश्रय येथे वेगळे काढता येत नाहीत.

जुन्नरच्या सपाटीवर मात्र तंबू ठोकण्याचा मोह टाळावा. कुकडीच्या पाण्याने हा तालुका उसाचा झाला आणि उसाच्या फडांत बिबट्यांनी घर केले. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र उभारावे लागले, यावरूनच प्रश्नाची तीव्रता कळते. शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी उघड्यावर झोपणे हे येथे साहस नव्हे, अविचार आहे. दुसरी रात्र छपराखाली काढावी हेच उत्तम.

आळेफाट्यापासून गोदाकाठापर्यंत

आळेफाट्यावर पुन्हा महामार्ग धरला की मुलूख पालटतो. घाटमाथ्याचा ओलावा संपतो, पठाराचा कोरडेपणा सुरू होतो. येथून पुढचे थांबे वेगवेगळ्या शतकांतले आहेत. पण मार्गाची दिशा तीच, पूर्वेची. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला रस्त्यापासून जवळच टेकडीत सहाव्या शतकाच्या सुमाराचे शैव लेणे आहे. दाराशी गंगा-यमुना, आत सप्तमातृका. अर्ध्या तासाचा थांबा, पण वेरूळची आठवण यावी असा.

अहिल्यानगर हे मध्ययुगाचे स्थानक. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमद निजामशहाने वसवलेल्या या शहराचा भुईकोट १५९५-९६ मध्ये चांदबिबीने मोगलांविरुद्ध लढवला. त्याच किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू बंदिवासात होते आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तेथेच लिहिले गेले. किल्ला लष्कराच्या अखत्यारीत असल्याने प्रवेशाची चौकशी आधी करावी. शहराबाहेर पाथर्डी रस्त्यावर डोंगरमाथ्यावर दिसणारी अष्टकोनी वास्तू ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. वाटेवरच्या लोकस्मृतीने कबरीला महाल आणि वजिराला राणी केले, हेही इतिहासाचेच एक अंग.

तेथून तिसगाव, शेवगाव मार्गे पैठण. सातवाहनांचे प्रतिष्ठान, एकनाथांची कर्मभूमी, पैठणीचे माहेरघर. नाणेघाटातून चढलेला माल येथे गोदाकाठी पोहोचत असे आणि पुढे तेरकडे जात असे. १९७६ मध्ये जायकवाडी धरण पूर्ण झाले आणि गावाच्या वरच्या अंगाला नाथसागराचा अथांग जलाशय पसरला. नाणेघाटातल्या कातळात खोदलेल्या हातभर टाक्यापासून सुरू झालेली ही वाट एका मोठ्या धरणापाशी संपते.

वर्दळीचा पेच

या वाटेचा एक विरोधाभास शेवटी नोंदवला पाहिजे. माळशेजचा मोटाररस्ता झाला, वाहतूक तिकडे वळली आणि नाणेघाट मागे पडला. तो मागे पडला म्हणूनच टिकला. जुन्या वाटेवर महामार्ग आला असता, तर राणीचे दालन सुरुंगाच्या पहिल्या बारातच गेले असते. आता माथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. पावसाळ्यात ‘उलटा धबधबा’ पाहायला शनिवार-रविवारी गर्दी उसळते. २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. स्थानिकांना रोजगार मिळतो, ही चांगलीच गोष्ट. परंतु दोन हजार वर्षांच्या वाऱ्या-पावसाने जी अक्षरे पुसली नाहीत, ती खिळ्याने नाव कोरणारा एक हौशी पाच मिनिटांत बिघडवू शकतो. प्रतिमा गेल्याच, आता अक्षरेही गेली तर सांगायला काय उरेल?

म्हणून मुक्कामाचे काही संकेत पाळावेत. संरक्षित स्मारके साधारणतः सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळेत खुली असतात आणि त्यांची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद २०१० च्या दुरुस्तीनंतर कायद्यात आहे. लेण्यात झोपणे, स्वयंपाक करणे, चूल मांडणे सर्वस्वी वर्ज्य. धुराने भिंती काळवंडतात आणि अक्षरे वाचेनाशी होतात. तंबू गावाजवळ, शेतमालकाला विचारून, पीक निघालेल्या रानात ठोकावा आणि त्याचा मोबदला द्यावा. वनजमिनीवर वनखात्याची परवानगी हवीच. जेवण गावातल्या घरीच सांगावे. पिठले-भाकरीची चव शहरातून नेलेल्या पाकिटांना येत नाही. टाक्यांत हातपाय वा भांडी धुऊ नयेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मात्र गवत वाळलेले असते, तेव्हा शेकोटीचा हट्ट सोडावा. आणलेला कचरा आपल्याच गाडीतून परत न्यावा.

हे नियम जाचक वाटतील. पण त्यांत नवे काहीच नाही. पूर्वीचा वाटसरूही जकात भरूनच पुढे जात असे, आणि ऐपत असलेला कोणी तरी मागून येणाऱ्यासाठी एखादे टाके खोदून ठेवीत असे. त्या सोनाराचे पाणी कोणकोण प्यायले, हे त्याला कधीच कळले नसेल. आपल्याकडून टाके खोदण्याची अपेक्षा कोणी करीत नाही. आहे ते पाणी स्वच्छ आणि आहेत ती अक्षरे शाबूत ठेवून सकाळी पुढे निघालो, तरी आपल्या वाटची जकात चुकती झाली असे म्हणता येईल.